लाखाचं इस्टिमेट, ताडपत्रीखालचे काका आणि वर न येणारं मशीन

आधीच सांगून ठेवतो, ह्या गॅरेजला नाव नाही. बोर्ड नाही, मॅपवर पिन नाही, स्टार द्यायला जागाच नाही, म्हणून इथे लिहितोय. खाडीकाठी माडांना बांधलेली निळी ताडपत्री, खाली अर्धा कापलेला ड्रम, त्यात बुडवलेलं बोटीचं एखादं मशीन, म्हणजे इंजिन, घरघरत असतं आणि सत्तरीकडे झुकलेले एक काका डोक्याला टॉवेल गुंडाळून पाटावर बसलेले असतात. गाव लिहू नको असं त्यांनीच सांगितलंय, "गर्दी जाता रे, माका काम करुक गावणा नाय." तेव्हा मालवण तालुक्यात खाडीच्या बाजूला, एवढ्यावर भागवून घ्या, कुठल्याही बोटवाल्याला विचारलंत तर हात करून दाखवेल.

आता काम काय होतं ते. माझी २२ फुटी फायबरची बोट आहे, मागे ६० एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं मशीन. मशीनच्या कंपनीचं नाव घालत नाही, कारण शेवटी जो दोष निघाला तो कुठल्याही कंपनीच्या मशिनात येऊ शकतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे आमच्या फेऱ्या, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड वगैरे. मे संपता संपता वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत, म्हणजे वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांत काढायची, त्यातही दिवाळी आणि ख्रिसमसचा आठवडा ही खरी मलई. आणि माझं मशीन बिघडलं कधी? २६ डिसेंबरला. दुपारी. बोटीत आठ पर्यटक.

ज्यांच्याकडे छोटं मशीन आहे त्यांना हा त्रास माहीत नसेल, कारण ९.९ एचपीचं मशीन हाताने धरून वर ओढलं की झालं. माझं मशीन एकटंच शंभर किलोच्या वर, ते हाताने कोण उचलणार, म्हणून त्याला पॉवर ट्रिम-टिल्ट असतं. ब्रॅकेटच्या मधोमध १२ व्होल्टची एक मोटार, तिच्याखाली पंप, बाजूला तेलाची छोटी टाकी, आणि पंपाने दाबलेल्या तेलावर पुढे-मागे होणारे दांडे. हँडलवरचं बटण वर दाबलं की मोटार एका दिशेने फिरते आणि मशीन वर येतं, खाली दाबलं की तीच मोटार उलटी फिरते आणि मशीन खाली जातं. चालत्या बोटीत थोडंसं वर-खाली करून नाळ किती उचलायची ते ठरवायचं त्याला ट्रिम म्हणतात, जास्त वर केलं तर पंखा हवा खातो आणि बोट धाडधाड आपटते, आणि किनाऱ्याला लागताना पूर्ण वर उचलायचं तो टिल्ट. आमच्याकडे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, संगमात वाळूच्या भाटी उघड्या पडतात, तिथे टिल्ट नसेल तर पंखा वाळू खातो आणि कूलिंगच्या पाण्याबरोबर वाळू आत जाऊन इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारं रबरी चक्र, पण खाते.

तर त्या दिवशी भाटीजवळ आल्यावर नेहमीसारखं वरचं बटण दाबलं. "टक." एवढंच. मशीन ढिम्म. परत दाबलं, परत टक. खालचं दाबलं तर मोटार मस्त गुर्रर्र करून फिरते. म्हणजे खाली जायला तयार, वर यायला नाही, आमच्या गल्लीतल्या म्हशीसारखं. पंखा खरवडला, पाण्याची धार बारीक झाली, मी मशीन बंद केलं आणि पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरून बोट ढकलत आली. पर्यटक खूश, त्यांना वाटलं हा पण पॅकेजमधलाच कार्यक्रम.

किनाऱ्याला लागल्यावर मशीन हाताने उचलायचं होतं. त्यासाठी ब्रॅकेटच्या बाजूला एक भोक असतं, आत चपट्या पेचकसाचा एक मोठा स्क्रू, तो मॅन्युअल व्हॉल्व. तो सैल केला की तेलाचा दाब सुटतो आणि चार जणांनी मिळून मशीन वर ओढता येतं. पण तो स्क्रू विकत घेतल्यापासून कोणी हलवलेला नव्हता, मिठाने जाम. आमच्या खलाश्याने घरातला बारका पेचकस घातला, वरून पक्कडीने पिळला, स्क्रूची खाच अर्धी चावली गेली आणि मग एकदाचा फिरला. उचललं, लॉकचा खटका लावला, स्क्रू परत आवळला, हुश्श केलं. ह्या स्क्रूचं प्रकरण पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

रात्री मी स्वतः बसलो. मला थोडंफार कळतं असा माझा समज आहे. फ्यूज बघितला, चांगला. बॅटरी बघितली, १२.५ व्होल्ट, चांगली. मशिनाच्या कव्हरच्या खाली पण एक वर-खालीचं बटण असतं, त्याने करून बघितलं, तिथे पण वर फक्त टक, म्हणजे हँडलच्या बटणाचा दोष नाही, कारण दोन वेगळी बटणं एकाच दिवशी एकाच बाजूने कशी मरतील. मग विचार केला, दोन रिले (बटण दाबलं की मोटारीला वीज जोडणारे छोटे स्विच) असतात, एक अपचा एक डाऊनचा, डाऊन चालतंय अप चालत नाही म्हणजे अपचा रिले गेला. सोपं आहे. ऑनलाइन मागवला, १,७०० रुपये, २९ तारखेला आला, जुना काढून टूलबॉक्समध्ये फेकला, नवा लावला, बटण दाबलं.

टक.

इथे माझं डोकं फिरलं. रिले नवा आहे, बॅटरी आहे, फ्यूज आहे, तरी टक, म्हणजे मोटार किंवा पंपच गेला असणार. त्यात भर म्हणून तेल बघू म्हटलं, आणि मशीन खाली असताना टाकीचं झाकण उघडलं. हे कोणी करू नका. मशीन खाली असताना आत दाब असतो, तेल पिचकारीसारखं शर्टावर आलं, आणि ते तेल, एटीएफ म्हणतात त्याला, लालभडक असतं, बायकोला वाटलं मला लागलंय.

एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिसवाल्याला व्हिडिओ कॉल केला. त्याने मला बटण दाबायला लावलं, टक ऐकलं, आणि दोन मिनिटांत सांगितलं की अख्खं ट्रिम-टिल्ट युनिट बदला, सुटी मोटार टाकून उपयोग नाही, एक लाख अडतीस हजार, बसवणावळ वेगळी, माल यायला तीन आठवडे. मीटर कुठे लावून बघू का असं मी विचारलं तर "उसकी जरूरत नहीं" असं उत्तर. तो काही खोटारडा माणूस आहे असं म्हणत नाही, कदाचित दहातल्या आठ मशिनात खरंच मोटारीत पाणी जाऊन ती सडलेली निघत असेल. पण न मोजता लाखाच्या वर आकडा सांगायचा म्हणजे जरा जास्तच झालं. माझा तर जवळजवळ होकार झाला होता, सोसायटीच्या कर्जाचा विचार पण करून झाला होता. भरतीच्या वेळेलाच तेवढ्या फेऱ्या मारून आम्ही कसेबसे दिवस ढकलत होतो, सुकतीचे पर्यटक शेजाऱ्याच्या बोटीत घालून त्याला अर्धे पैसे देत होतो.

३१ ला सकाळी भरतीला बोट काकांकडे नेली. मी सांगायला सुरुवात केली की काका मोटार गेलीय, युनिट बदलायला सांगितलंय, तर त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "खाली जाता मां?"

म्हटलं जातं.

"आवाज येता मोटारीचो?"

म्हटलं हो, मस्त येतो.

"मगे मोटार मेली कशी रे झिला? तीच मोटार वर, तीच मोटार खाली. मेलेलो माणूस संध्याकाळी उठान जेवता काय?"

खरं सांगतो, हा प्रश्न चार दिवसांत मला पडला नव्हता, आणि त्या सर्व्हिसवाल्याला पण पडला नव्हता. एका दिशेने पूर्ण जोरात फिरते म्हणजे मोटार, तिचे कार्बन, बॅटरी, मेन फ्यूज हे सगळं बहुतेक ठीक आहे, दोष वीज दिशा बदलते त्या जागेत शोधायचा. म्हणजे रिले. पण रिले तर मी बदललाय. हे सांगितल्यावर काका हसले नाहीत, नुसते "बरा" म्हणाले आणि आतून मीटर घेऊन आले. मीटर म्हणजे पिवळा, डिस्प्लेला तडा गेलेला, एका वायरला गुंडाळलेली चिकटपट्टी, असा.

पुढची दहा मिनिटं हाच ह्या रिव्ह्यूचा खरा मुद्दा आहे, तेव्हा जरा सावकाश सांगतो.

काकांनी कव्हर काढलं, मोटारीकडे जाणाऱ्या दोन जाड वायरी शोधल्या, माझ्या मशिनात निळी अपची आणि हिरवी डाऊनची, बऱ्याच मशिनात हेच रंग असतात. मीटरची काळी पिन इंजिनच्या बॉडीला टेकवली, लाल पिन निळीवर, मला म्हणाले दाब. मी अप दाबलं, टक, मीटर १२.४. म्हणजे करंट निळीवर येतोय. माझा नवा रिले आपलं काम करतोय. मी म्हटलं बघा काका, वीज येतेय तरी फिरत नाही म्हणजे मोटारच. ते काही बोलले नाहीत, लाल पिन उचलून हिरवीवर टेकवली आणि परत म्हणाले दाब. अप दाबलं. मीटरवर १२.४.

"हां," काका म्हणाले. "गावलो."

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी बोटीच्या फळीवर खडूने काढून दाखवलं. मोटारीला दोनच वायरी. वर जाताना निळीतून वीज आत जाते आणि हिरवीतून बाहेर पडते, अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे. ती हिरवी अर्थिंगला जोडून कोण ठेवतो? डाऊनचा रिले. दोन्ही रिले जेव्हा काही करत नसतात तेव्हा त्यांचं काम असतं आपापली वायर अर्थिंगला धरून बसणं. म्हणजे अप दाबलं की अपचा रिले टक करून वीज देतो, आणि डाऊनचा रिले नुसता बसून परतीची वाट उघडी ठेवतो. माझ्या डाऊनच्या रिलेचा तो बसून राहायचा पॉइंट आतून जळालेला होता. वीज मोटारीत शिरत होती पण बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून हिरवीवर पण पूर्ण १२.४ दिसत होते, तिथे खरं तर जवळपास शून्य दिसायला पाहिजे. आणि डाऊन का चालत होतं? कारण डाऊन दाबल्यावर तोच रिले दुसऱ्या पॉइंटला जातो, तो पॉइंट चांगला.

म्हणजे अप बंद पडलं होतं डाऊनच्या रिलेमुळे. मी १,७०० रुपये घालून जो रिले बदलला तो पहिल्यापासून निर्दोष होता.

मला विचारलं जुना रिले कुठे आहे. टूलबॉक्समधून काढून दिला, पेट्रोलचा वास मारत होता. काकांनी तो शर्टाला पुसला, पाय जरा घासले, डाऊनच्या जागी बसवला, आणि म्हणाले दाब. मशीन गुर्रर्र करून वर आलं. मी दोनदा खाली-वर केलं. तिसऱ्यांदा केल्यावर ओरडले, "पुरे, खेळणा नाय तां."

सुट्या पार्टचा खर्च शून्य रुपये. एक लाख अडतीस हजाराच्या जागी माझ्याच डब्यात पडलेला रिले.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो कारण व्हिडिओ बघून करणाऱ्यांची (म्हणजे माझ्यासारख्यांची) हीच चूक होते. सगळे सांगतात की दोन रिलेंची अदलाबदल करून बघा, दोष दुसऱ्या बाजूला गेला तर रिले खराब. ते बरोबर आहे, पण त्यातून कुठला रिले खराब ते कळत नाही. मी अदलाबदल केली असती तर अप चाललं असतं आणि डाऊन बंद पडलं असतं, आणि अपचा रिले खरंच जळलेला असता तरी नेमकं हेच झालं असतं. हिरवीवर पिन टेकवल्याशिवाय फरक समजत नाही. काही मशिनात दोन्ही रिले एकाच बंद डब्यात असतात, तिथे अदलाबदल जमत पण नाही, आख्खा डबा बदलावा लागतो, पण तो सुद्धा युनिटच्या मानाने किरकोळ.

तो पॉइंट जळाला का हे मी विचारलं. वर उचलताना मोटारीवर सगळ्यात जास्त लोड, आणि तो सगळा करंट ह्या बसलेल्या पॉइंटमधून जातो. त्यात आमची पोरं मशीन पूर्ण वर गेलं तरी बटण सोडत नाहीत, दाबून गप्पा मारत राहतात. आणि मुळात कव्हरच्या आत मिठाची हवा. रिलेच्या सॉकेटात हिरवट पावडर जमली होती ती काकांनी दाखवली, टूथब्रशने काढली, वर ग्रीस लावलं.

एवढ्यावर मी निघालो असतो. पण काकांनी थांबवलं, "जरा रव." एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या बॉडीला, अप दाब. मीटर ०.९. म्हणाले अर्थिंगच्या वायरीतच जवळपास एक व्होल्ट खाल्ला जातोय, अर्ध्याच्या वर गेला की साफ करायचं. वायरीचं टोक सोडवलं तर आत काळं-हिरवं झालेलं. कापून नवीन लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबला, पुन्हा मोजलं, ०.२. मशीन वर यायला आधीपेक्षा कमी वेळ लागतोय हे मला उघड्या डोळ्यांनी दिसलं. हे काम मी सांगितलेलंच नव्हतं. आणि मी जी बॅटरी १२.५ दाखवते म्हणून पास केली होती ती नुसती बसलेली असताना मोजली होती, बटण दाबलेलं असताना मोजायचं असतं हे पण तिथेच कळलं.

मग तेल. मशीन पूर्ण वर, खटका लावलेला, मग झाकण. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल दिसलं पाहिजे. माझं कमी होतं, शर्टावर गेलेलं धरून. लाल एटीएफ भरलं, चार-पाच वेळा वर-खाली करून हवा काढली, परत बघितलं, परत थोडं घातलं. तेल दुधाळ झालं असतं तर पाणी गेलंय असं समजायचं, तसं नव्हतं. खटका लावायच्या आधी मी ब्रॅकेटच्या आत बोट घालून काहीतरी दाखवायला गेलो तर असा ओरडा बसला की पलीकडच्या बोटीतली माणसं बघायला लागली. "हात घालू नको थय! तुटलो तर परत गावाचो नाय!"

आता तो स्क्रू. दोन दिवस मस्त गेले, तिसऱ्या सकाळी बघतो तर रात्री पूर्ण वर करून ठेवलेलं मशीन (खटका लावायला पोरगा विसरलेला) खाली वाकलेलं, पंखा पाण्यात. परत काकांकडे. त्यांनी चमकत्या दांड्यावर मार्करने एक रेघ मारली, म्हणाले आज रात्री खटका न लावता ठेव आणि सकाळी मोज. सकाळी चार इंच खाली. बाहेर कुठे तेल गळत नव्हतं, म्हणजे आतल्या आत दाब सुटतोय. पहिला संशय मॅन्युअल व्हॉल्व, आणि खाच बघितल्यावर काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी खलाश्याचं नाव लगेच सांगून टाकलं. मशीन वर, खटका, शिवाय खाली लाकडाचा ठोकळा, मग व्हॉल्व बाहेर काढला. त्याची ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, एका बाजूला चिरलेली, जोर लावून पिळल्यामुळे. माप बघून दुसरी घातली, तेल लावून हलक्या हाताने बसवली, स्क्रूची खाच कानशीने जरा सरळ केली. दुसऱ्या दिवशी रेघ मोजली, अर्धा इंच.

अर्धा इंच का होईना, जातंयच ना, मग पूर्ण करून द्या, असं मी म्हटलं. तर काका म्हणाले उरलेला दोष आतल्या सीलमध्ये किंवा व्हॉल्वमध्ये आहे, सिलिंडर उघडायला खास पाना लागतो, तो त्यांच्याकडे नाही, आणि छिन्नी-हातोडीने उघडणारे आहेत पण ते करू नको. "जमता तां करतंय, जमणा नाय तां नाय म्हणान सांगतंय. पावसात बोट वर काढशीत तेव्हा सील किट मागव, मगे बघू." तोपर्यंत खटका लावायचा, बस. रात्रीत अर्धा इंच गेल्याने धंद्याला काही फरक पडत नाही हे खरंच आहे.

पैसे किती झाले ते ऐका. पहिल्या दिवसाचे ८००, त्यात लग आणि तेल आलं. दुसऱ्या खेपेचे ३५०. मी हजार ठेवत होतो तर परत दिले.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर काकांचा भाचा आहे असं वाटेल.

बिल मिळत नाही. जीएसटी सोडा, कागदावर लिहून पण मिळत नाही. मशीन वॉरंटीत असेल किंवा विम्याचा क्लेम करायचा असेल तर तिथे जाऊच नका, अधिकृत ठिकाणी जा, नाहीतर वॉरंटीवरून वाद होईल. फोन उचलत नाहीत, मी अकरा वेळा केला होता, नंतर कळलं फोन घरी असतो आणि काका इथे. दुपारी जेवून दीड ते चार झोप, त्या वेळेत तुमची बोट बुडत असली तरी उठणार नाहीत. नंबर लावायची पद्धत नाही, जो समोर उभा त्याचं काम, आणि मच्छीमाराचं मशीन आलं की पर्यटनवाल्याला बाजूला बसवतात, ह्यावर वाद घालून उपयोग नाही, मी घातला, उलट दहा मिनिटं जास्त बसलो. जागा अशी आहे की भरतीलाच बोट लागते, वेळ चुकली तर सहा तास तिथेच, आणि सावली ताडपत्रीएवढीच. मोठं काम असेल, गिअर बॉक्स उघडणं, इंजेक्शनचा कॉम्प्युटर लावून बघणं, तर ते त्यांच्याकडे नाही आणि ते तसं सांगतात. पार्ट ठेवत नाहीत, ओ-रिंगा आणि लग सोडले तर सगळं आपण आणायचं.

आणि बोलणं. तुम्हाला शिकवण्याचा त्यांना उत्साह आहे पण पद्धत शाळेतल्या जुन्या मास्तरांची आहे. ब्रॅकेटच्या खालच्या बाजूचा झिंकचा ठोकळा आम्ही मशीन रंगवताना झकास काळा रंगवून टाकला होता, दिसायला बरा दिसावा म्हणून. तो ठोकळा स्वतः गंजून बाकीच्या धातूला वाचवण्यासाठी असतो, रंग लावला की त्याचं काम बंद. ह्यावर मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिथल्या तिथे पॉलिश पेपर हातात देऊन घासायला बसवलं, वय वर्षं ४१.

रोज संध्याकाळी मशिनाला गोडं पाणी आम्ही दाखवत होतोच, पण फक्त कूलिंगला. ब्रॅकेटच्या आतल्या दांड्यांवर आणि मोटारीवर पाणी मारायचं राहत होतं, जिथे खरं मीठ बसतं. आता पोरगा पाइप घेऊन आत पण मारतो, प्रेशर वॉशर नाही, साधा पाइप, कारण जोराच्या फवाऱ्याने पाणी सीलच्या आत घुसतं. आणि मॅन्युअल व्हॉल्व महिन्यातून एकदा थोडासा सैल करून परत आवळतो, म्हणजे तो जाम होत नाही.

जानेवारी-फेब्रुवारी दोन्ही महिने मशीन रोज पाच-सहा वेळा वर-खाली झालं, तक्रार नाही. एक स्पेअर रिले आणून ठेवलाय, ह्या वेळी प्लास्टिकच्या डब्यात. शहरातल्या त्या सर्व्हिसवाल्याचा मध्ये फोन येऊन गेला, युनिट बुक करायचं का म्हणून. मी म्हटलं मशीन वर येतंय. तो म्हणाला "कैसे?" मी म्हटलं हिरव्या वायरवर मीटर लावलं. पुढे तो काही बोलला नाही.

स्टार द्यायचेच झाले तर निदानाला पाचपैकी पाच, वेळेला दोन, बसायच्या सोयीला अर्धा, तो सुद्धा चहा मिळाला म्हणून. जाणार असाल तर पंचांग बघून भरतीला सकाळी जा, टोपी न्या, आधी काय काय बदलून बघितलंत ते खरं सांगा आणि काढलेले जुने पार्ट फेकू नका, बरोबर न्या. आणि रुंद पात्याचा चांगला पेचकस स्वतःचा घेऊन जा, काकांचा मागितलात तर बोलणी खाल.